मोठ्या उपकरणांचे पॉवर पॉइंट : वायर, एमसीबी, अर्थिंग

मीटरवाला

गीझर, एसी, इंडक्शन, वॉशिंग मशीन यांचे पॉइंट काढायचे तर पहिलं काम कागदावर करा. उपकरणाच्या पाटीवर वॅट लिहिलेले असतात, त्यांना २३० ने भागा. आला तो आकडा म्हणजे अँपिअर. वायर, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप खाली पडून वीज तोडणारा स्विच), सॉकेट हे सगळं त्यावरून ठरतं. भिंतीत झिऱ्या मारायच्या आधी हे झालं पाहिजे, कारण गिलावा झाल्यावर वायर बदलता येते, पण बारीक पाइप बदलता येत नाही.

नेहमीच्या उपकरणांचा हिशोब असा येतो. सगळीकडे तांब्याची वायर धरली आहे. अडीचची, चारची म्हणजे तितक्या स्क्वेअर एमएमची; एमसीबी आणि सॉकेटचे आकडे अँपिअरचे.

साठवणीचा गीझर, २००० वॅट: ८.७ अँपिअर. अडीचची वायर, १६ चा एमसीबी, १६ अँपिअरचं सॉकेट.

इन्स्टंट गीझर, ३००० वॅट: १३ अँपिअर. वरच्यासारखंच. अंतर १५ मीटरच्या पुढे असेल तर चारची वायर घ्या.

इन्स्टंट गीझर, ४५०० वॅट: १९.६ अँपिअर. इथे १६ चं सॉकेट चालणार नाही. चारची वायर, २५ चा एमसीबी, डबल पोल स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आणि जोडणी थेट टर्मिनलवर. टॉप (प्लग) कापून मोठा टॉप लावला असले प्रकार नकोत.

दीड टनाचा एसी: चालू असताना ७-८ अँपिअर. चारची वायर, २० चा सी कर्व्ह (मोटार उठतानाचा झटका सोसणारा) एमसीबी.

इंडक्शन शेगडी, २००० ते २१०० वॅट: ९ अँपिअर. अडीचची वायर, १६ चा एमसीबी.

ओट्यात बसवायचा चार शेगड्यांचा विजेचा हॉब, ७००० वॅट: ३० अँपिअर. सहाची वायर, ३२ चा एमसीबी, सॉकेट नाही. फक्त हाताला येईल असा डबल पोल आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच).

गरम पाण्याचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन किंवा डिशवॉशर: २००० वॅटच्या आसपास. अडीचची वायर, १६ चा एमसीबी.

यातल्या प्रत्येकाला डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या डब्यापासून) स्वतःची फेज, स्वतःचा न्यूट्रल आणि स्वतःचा अर्थ हवा. फेज (वीज येते ती) लाल, न्यूट्रल (परत जाते ती) काळी, अर्थ (जमिनीत जाते ती) हिरवी. न्यूट्रल दोन सर्किटांत वाटून घेतला की पुढे काय होतं, ते खाली कुणीतरी लिहीलच.

सह्यवारा

एसीला चारची वायर कशाला? ८ अँपिअरला अडीचची सहज पुरते. उगाच खर्च.

मीटरवाला

तापण्याच्या दृष्टीने पुरते, बरोबर. चारची सुचवली ती व्होल्टेजसाठी. मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) अडीचच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ८ ओहम, चारच्या वायरचा ५. डीबीपासून एसी १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर वायर झाली. अडीचमध्ये ०.२४ ओहम, चारमध्ये ०.१५. चालू करंटला दोन्हींत फरक जेमतेम एका व्होल्टचा. पण इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर उठताना पाचपट करंट धरा, म्हणजे ४० अँपिअर. तेव्हा अडीचच्या वायरीत जवळजवळ १० व्होल्ट पडतात, चारमध्ये ६. शहरात २३० येत असतील तर काही बिघडत नाही. गावाकडे उन्हाळ्यात संध्याकाळी १९० येत असतील, तर त्या चार व्होल्टांवर कॉम्प्रेसर उठतो की घुरघुरत बसतो हे ठरतं.

इन्व्हर्टर एसी हळूहळू उठतो, त्याला अडीचची पुरते. पण वायर भिंतीत वीस-पंचवीस वर्षं राहणार आणि एसी त्यात दोनदा बदलणार. म्हणून चारची.

सह्यवारा

पटलं. एमसीबीचं मात्र ठासून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. एमसीबी वायरीचा राखणदार आहे, उपकरणाचा नाही. वायरीला झेपेल त्यापेक्षा मोठा एमसीबी बसवला की राखण संपली.

अडीचच्या वायरवर ३२ चा एमसीबी सर्रास दिसतो. घरगुती एमसीबीचं मानक सांगतं की १.१३ पट करंटला तो तासभर पडू नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडावा. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरला पडणारच नाही आणि ४६ अँपिअर तासभरापर्यंत जाऊ देऊ शकतो. पाइपात कोंडलेली अडीचची वायर, त्यात आपला उन्हाळा, तिला १८ ते २० झेपतात. वर १६ चं सॉकेट. एमसीबी आपल्या जागी नियमाप्रमाणेच वागतो आणि तोवर सॉकेट वितळतं.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवून देणाऱ्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका. पडतोय याचा अर्थ लोड जास्त आहे, किंवा शॉर्ट आहे, किंवा टर्मिनल सैल होऊन एमसीबीच तापतोय. त्यातलं कुठलं, हे शोधणं म्हणजे दुरुस्ती.

बी आणि सी कर्व्हचंही थोडक्यात. बी कर्व्ह तीन ते पाच पट करंटला झटक्यात पडतो, सी पाच ते दहा पटीला. गीझर, ओव्हन अशा नुसत्या कॉइलला बी चांगला. एसी, फ्रिज, पंप अशा मोटारवाल्यांना सी. दुकानात न विचारता सी-च हातात देतात. तो गीझरलाही चालतो, पण मागून बी घ्या.

मोगरा

बिल्डरने स्वयंपाकघरात १६ चे तीन पॉइंट दिले आहेत, तिन्ही एकाच अडीचच्या वायरीवर. ओट्यावर इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लागली की एमसीबी पडतो. टाइल्स नवीन आहेत, फोडायच्या नाहीत. काय करता येईल?

सह्यवारा

बेरीज बघा. इंडक्शन २०००, मायक्रोवेव्ह भिंतीतून घेतो साधारण १४००, किटली १५००. झाले ४९०० वॅट, म्हणजे २१ अँपिअर. एमसीबी १६ चा. तो पडतोय हे उत्तमच.

एका पॉवर सर्किटवर १६ चे दोनच पॉइंट ही जुनी पद्धत आहे, ती बिल्डरने मोडली. उपाय म्हणजे डीबीपासून दुसरं सर्किट. टाइल्स फोडायची गरज नाही. आधी बघा, फॉल्स सीलिंग असेल तर वायर पाइपातून वरून आणा आणि ओट्यापाशी फक्त खाली उतरवा. नसेल तर छताच्या कडेने केसिंग पट्टी. ती दिसायला जरा खटकते, रंग मारला की नजरेत येत नाही. इंडक्शन नव्या सर्किटवर टाका, बाकीचे दोन जुन्यावर राहू द्या. १४०० आणि १५०० मिळून १२.६ अँपिअर होतात, निवांत चालेल.

जुन्या पाइपात जागा असेल तर त्यातूनच नवीन तीन वायरी ओढता येतील, पण पाइप २० मिमीचा असेल आणि आत आधीच पाच-सहा वायरी असतील तर नको. ओढताना इन्सुलेशन सोलतं, आणि बेंडमध्ये सोललेलं बाहेरून कधीच दिसत नाही. शिवाय दाटीत वायर लवकर तापते.

तोवर दोनच गोष्टी एका वेळी लावा. ओट्यावर ६ चं एक्स्टेंशन बोर्ड आणून त्यात १६ चा टॉप कन्व्हर्टर लावून घुसवणं, हे कृपा करून करू नका. त्या बोर्डाची वायर बऱ्याचदा पाऊण किंवा एक स्क्वेअर एमएमची असते.

कातळ

अर्थिंगवर सविस्तर लिहितो, कारण ‘अर्थिंग आहे ना, मग शॉक लागणार नाही’ हा समज माणसं मारतो.

गीझरची कॉइल फुटली आणि फेज टाकीच्या पत्र्याला लागला असं समजा. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचे थर बसतात, आत उष्णता कोंडते आणि आवरण तडकतं, त्यामुळे हा प्रकार मराठवाड्यात आणि पुण्याच्या आसपासच्या बोअरवाल्या सोसायट्यांत वरचेवर होतो. आता करंट अर्थ वायरीने तुमच्या इमारतीच्या अर्थ पिटात (अर्थच्या खड्ड्यात), तिथून जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थपर्यंत जाणार. तुमच्या पिटचा रोध १५ ओहम, ट्रान्सफॉर्मरकडचा ५ ओहम धरा. एकूण २०. मग करंट किती? २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर.

गीझरवर १६ चा एमसीबी आहे. साडेअकराला तो पडत नाही, कधीच नाही. पत्र्यावर मात्र साडेअकरा गुणिले १५, म्हणजे १७२ व्होल्ट उभे राहतात. नळ, शॉवर, ओली फरशी आणि माणूस, सगळे त्या १७२ व्होल्टांच्या वाटेत. अर्थिंग ‘आहे’ तरीही.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि देशावर जमिनीखाली काळा कातळ आणि मुरूम, कोकणात जांभा. पावसाळा सोडला तर दोन्ही कोरडे, आणि कोरड्या कातळात अर्थचा रोध उतरवणं फार जिकिरीचं असतं. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती मीठ-कोळसा, वरून पाणी, हे सगळं करूनही एप्रिल-मेमध्ये आकडा चढतो. म्हणून ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी हवीच. तिला एमसीबीसारखा मोठा करंट लागत नाही. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ती ०.३ सेकंदाच्या आत सर्किट तोडते. वरच्या उदाहरणात साडेअकरा अँपिअर गळतोय, ती क्षणात पडेल. अर्थचा रोध शंभर ओहम असला तरी पडेल.

आरसीसीबी आहे म्हणून अर्थ नको, असंही नाही. अर्थ नसेल तर पत्र्यावर फेज तसाच बसून राहतो आणि आरसीसीबी पडते ती कुणीतरी हात लावल्यावर, त्याच्या अंगातून करंट गेल्यावर. अर्थ असेल तर हात लागायच्या आधीच पडते. दोन्ही लागतात.

आणि एक अत्यंत घातक गोष्ट. अर्थ वायर नसली की काही वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. टेस्ट लँप पेटतो, मीटर २३० दाखवतो, मालक खूश. ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी उपकरणातून आलेला फेज त्या तुकड्यातून थेट बॉडीवर येईल. फ्रिजच्या दाराला २३० व्होल्ट. सॉकेट उघडलं आणि असा तुकडा दिसला तर ते सॉकेट तिथल्या तिथे बंद करा.

घरकुल_२बीएचके

अर्थ खरंच जोडलेला आहे का, हे घरच्या घरी कळतं का?

कातळ

अर्धंच कळतं. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. पहिले दोन जवळजवळ सारखे आणि तिसरा एक-दोन व्होल्ट आला तर वायर जोडलेली असण्याची शक्यता आहे. तिसरा नेमका शून्य आला, तोही शेजारी मोठा लोड चालू असताना, तर वर लिहिलेला तुकडा आत आहे का बघायला लावा. पण मीटर अगदी नगण्य करंट घेतो. अर्थ वायरीची एकच तार टेकलेली असली तरी तो २३० दाखवेल. खरा आकडा अर्थ लूप टेस्टरने येतो. वायरमनकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबा. बटण दाबून पडली नाही तर ती बदला. मात्र ते बटण फक्त आरसीसीबी चालते का सांगतं, अर्थ जोडलाय का हे सांगत नाही.

मोगरा

आमच्या मजल्यावर दोन घरांत आरसीसीबी सारखी पडते म्हणून काढून टाकली आहे. वायरमन म्हणतो, जुन्या वायरिंगला चालतच नाही.

मीटरवाला

चालते, वायरिंगमधला दोष काढावा लागतो. पडण्याची कारणं मोजकी आहेत.

पहिलं, वाटून घेतलेला न्यूट्रल. घरात दोन आरसीसीबी असतील आणि गीझरची फेज एकीतून, न्यूट्रल दुसरीतून आला, तर गीझर लावताक्षणी पडणार. घराच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरचं वायरिंग मागून घातलं असेल तर त्याचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलला कुठेतरी बोर्डात जोडलेला सापडतो. तेच कारण.

दुसरं, न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय. बॉक्समध्ये स्क्रू वायरीत घुसलेला असतो, किंवा ओलं जंक्शन. हे शोधताना लोक एकेक एमसीबी खाली करतात आणि सगळे खाली असूनही आरसीसीबी पडते, मग ‘आरसीसीबीच खराब’ असा निष्कर्ष काढतात. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, न्यूट्रल लिंकवरून (डीबीत सगळे न्यूट्रल जुळतात त्या पट्टीवरून) सगळे न्यूट्रल सोडवायचे आणि एकेक लावत परत चालू करायचं. ज्याने पडेल ते सर्किट. मग त्या सर्किटवरची सगळी उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) वायर तपासायची. एक मेगओहमच्या खाली आली तर ती वायर बदलायची.

तिसरं, उपकरणातली खरी गळती. गीझर, इस्त्री, जुन्या फ्रिजचा डीफ्रॉस्ट हीटर. इथे आरसीसीबीने काम चोख केलंय.

चौथं, सगळं घर एकाच आरसीसीबीवर. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांच्या फिल्टरमधून थोडी थोडी गळती असतेच, ती साठते. दोन आरसीसीबी केल्या की प्रश्न मिटतो: एकीवर गीझर आणि वॉशिंग मशीन, दुसरीवर बाकी. नवीन घेताना ए टाइप घ्या, एसी टाइप नको. इथल्या ‘एसी’चा एअर कंडिशनरशी संबंध नाही. इन्व्हर्टर उपकरणांतली गळती सरळ लहरीची नसते, ती ए टाइपला कळते.

आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, हेही लक्षात असू द्या. ४० ची आरसीसीबी असेल तर तिच्या आधीचा मेन एमसीबी ४० च्या वर नको.

ओलावा

जळालेली सॉकेटं बघितली तर आग वायरीच्या मध्यात लागलेली क्वचित दिसते, बहुतेक वेळा टोकाला लागते. गीझरचा टॉप ओढून बघा. भोकाभोवती प्लॅस्टिक पिवळसर-तपकिरी झालंय, टॉपची एक पिन निळसर काळी पडलीय, आणि सॉकेट उघडल्यावर त्या टर्मिनलपासून दोन सेंटिमीटरपर्यंत वायरीचं इन्सुलेशन कडक होऊन बोटाने तुटतंय. एकाच पिनला असं झालंय म्हणजे लोड दोषी नाही. दोन्ही पिनांतून करंट तेवढाच जातो. त्या टर्मिनलचा स्क्रू सैल होता, किंवा सॉकेटच्या आतली पकड ढिली झाली होती. सैल जोड तापतो, तापला की काळा थर धरतो, थराने रोध वाढतो, मग आणखी तापतो. एमसीबीला यातलं काहीही कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

म्हणून जोडणी अशी करून घ्या. वायर १० ते १२ मिमी सोलायची, एकही तार कापायची नाही. मल्टिस्ट्रँड वायरीच्या टोकाला तांब्याचा पिन लग दाबून बसवायचा, लगसाठीच्या क्रिंपिंग पकडीने, साध्या पकडीने चेपून नव्हे. टर्मिनलमध्ये घालून स्क्रू आवळायचा. एमसीबीवर किती टॉर्क लावायचा ते लिहिलेलं असतं. इन्सुलेशन स्क्रूखाली येता कामा नये, उघडं तांबं बाहेर दिसता कामा नये. मग वायर ओढून बघायची. दोनेक आठवडे लोड चालल्यावर मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळायचे, कारण तांबं दाबाखाली थोडं बसतं.

पाइपाच्या मध्ये जोड नकोच. पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड भिंतीत गाडणं म्हणजे आगीची जागा ठरवून ठेवणं. जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची वायर पिळून जोडू नका. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना खातात. ती वायर पूर्ण बदला.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं. तिथे कल्हई केलेले लग वापरा. बाल्कनीत वॉशिंग मशीन असेल तर झाकणवालं, पाऊस न शिरणारं सॉकेट घ्या आणि ते नळाच्या खाली लावू नका.

घरकुल_२बीएचके

बाथरूममध्ये गीझरचा पॉइंट नेमका कुठे?

ओलावा

स्विच बाथरूमच्या बाहेर, दिव्याचा निर्देशक असलेला डबल पोल. सॉकेट आत घ्यायचं तर शॉवरखालच्या जागेच्या कडेपासून आडवं किमान ६० सेंटिमीटर दूर. गीझरच्या बरोबर खाली नको, कारण सेफ्टी व्हॉल्व्हचं पाणी तिथेच ठिबकतं. बाथरूम इतकं लहान असेल की हे अंतर मिळत नाही, तर सॉकेट टाळा. गीझरची वायर भिंतीतून बाहेरच्या डबल पोल स्विचपर्यंत न्या.

सातासमुद्रापार

अमेरिकेतून परत येताना २४० व्होल्टचा कपडे वाळवायचा ड्रायर आणतोय. व्होल्टेज जुळतंय, नुसता टॉप बदलला तर चालेल का?

मीटरवाला

नाही. तिकडच्या ड्रायरला दोन फेज आणि एक न्यूट्रल लागतो. कॉइल दोन फेजमधल्या २४० वर चालते, पण मोटार आणि कंट्रोल एका फेज-न्यूट्रलमधल्या १२० वर. आपल्याकडे १२० मिळतच नाहीत. ट्रान्सफॉर्मर लावलात तरी मोटार ६० हर्ट्झची, इथे ५०. ती हळू फिरेल आणि तापेल. तिकडेच विकून या.

घरकुल_२बीएचके

माल किती आणायचा? दोन एसी, दोन गीझर, ओट्याची दोन सर्किटं, एक वॉशिंग मशीन.

सह्यवारा

अंतर फरशीवरून मोजू नका. पाइप डीबीतून छतापर्यंत चढतो, आडवा जातो, पुन्हा उतरतो, ते सगळं धरा. समजा असं आलं: गीझर १२ आणि ८ मीटर, ओटा १० आणि १०, वॉशिंग मशीन ९. बेरीज ४९. कापाकापी आणि बॉक्समधली शेपटी धरून १५ टक्के वाढवा, ५६ मीटर. अडीचच्या वायरीचं ९० मीटरचं एकेक बंडल: लाल, काळं, हिरवं. एसी १४ आणि १० मीटर असतील तर चारची वायर प्रत्येक रंगाची २८ मीटर, सुटी मिळते. अर्थची वायर बारीक घेऊन पैसे वाचवू नका, फेजच्याच मापाची घ्या. वायरीवर आयएसआय आणि एफआरएलएस (आग कमी पसरवणारं, धूर कमी करणारं इन्सुलेशन) छापलेलं बघा. पाइप २५ मिमीचा, मीडियम.

डीबीची मापं मॉड्यूलवर (एका एमसीबीच्या रुंदीवर) मोजा. मेन डबल पोल २, आरसीसीबी दोन म्हणजे ४, वरच्या सात सर्किटांचे ७ एमसीबी, दिवे-पंख्यांचे ३. झाले १६. दोन जागा मोकळ्या ठेवा, १८. कंपन्या ‘वे’ सांगताना मेनचे मॉड्यूल धरतात की नाही हे दुकानात विचारून घ्या, नाहीतर डीबी दोन मॉड्यूलने अपुरी पडते.

मोगरा

एकूण लोड वाढला तर महावितरणला कळवावं लागतं का?

मीटरवाला

हो. बिलावर मंजूर भार छापलेला असतो. दोन एसी, दोन गीझर आणि इंडक्शन मिळून तो ओलांडला जात असेल तर भारवाढीचा अर्ज करा. तो मंजूर व्हायच्या आधी मीटरपासून डीबीपर्यंतची मुख्य वायर तपासून घ्या. जुन्या इमारतींत ती चारची किंवा सहाची सापडते आणि आतलं सगळं नवीन वायरिंग त्याच वाटेने जाणार असतं. चाळीसच्या मेनला दहाची तांब्याची वायर लागते. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट मागा. त्यात प्रत्येक सर्किटचा मेगरचा आकडा आणि अर्थचा ओहममधला आकडा लिहिलेला हवा. नुसतं ‘ठीक’ लिहिलेलं असेल तर परत पाठवा.